वेगासाठी तोडलेला वृक्ष

हार्डवेअरच्या आधाराने चालणाऱ्या विश्वसनीय संगणनाचा सारा डोलारा अविश्वासावर उभा आहे. ऑपरेटिंग सिस्टीम, हायपरवायझर, मेमरीच्या पट्ट्या, सर्व्हर सांभाळणारा प्रशासक, यांपैकी कोणावरही भरवसा ठेवायचा नाही. ठेवायचा तो फक्त प्रोसेसरच्या चिपवर. त्यामुळे चिपबाहेर जाणारा प्रत्येक बाइट कूटबद्ध करावा लागतो, परत येणारा तपासून घ्यावा लागतो, आणि त्यात वेळ जातो.

टीपीएम चिपच्या काळात हा प्रश्न फारसा बोचला नाही. ती चिप संथ असली तरी यंत्र सुरू होताना नोंदी घेणे आणि किल्ल्या जपणे एवढेच तिचे काम होते. पुढे हेच काम फर्मवेअरकडे गेले, तेव्हा मदरबोर्डवरच्या फ्लॅश मेमरीशी होणाऱ्या व्यवहारात काही यंत्रे मध्येच अडखळू लागली. एएमडीने 2022 मध्ये ते मान्य केले.

खरी कसोटी लागली 2015 मध्ये, इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरबरोबर आलेल्या एसजीएक्समध्ये. प्रोग्रॅमचा नाजूक भाग ‘एन्क्लेव्ह’ नावाच्या बंदिस्त क्षेत्रात चालवायचा, ही त्यातली कल्पना. या रचनेचा सर्वांत देखणा भाग होता मेमरीचा अखंडता-वृक्ष. एमआयटीच्या एजिस प्रकल्पाने 2003 मध्येच अशा वृक्षाचा पाया घातला होता; इंटेलसाठी शाय गेरॉन यांनी त्याला व्यवहार्य रूप दिले. नुसत्या कूटबद्धतेने भागत नाही, हे त्यामागचे मर्म. पिन चुकल्याच्या प्रयत्नांचा आकडा मेमरीत कूटबद्ध असला, तरी यंत्राचा मालक तो न वाचताच कालची प्रत जपून ठेवू शकतो आणि आज ती पुन्हा त्याच जागी बसवू शकतो. प्रयत्न पुन्हा शून्यावर येतात.

म्हणून 64 बाइटच्या प्रत्येक ओळीला 56 बिटांचा गणक आणि फेरफार पकडणारी 56 बिटांची खूण दिली गेली. ओळ लिहिली की गणक वाढतो, त्यामुळे तोच मजकूर पुन्हा लिहिला तरी कूटरूप वेगळे येते. आठ-आठ गणकांचा एक गट, त्या गटांवर पुन्हा गणक, असे करत मूळ थेट चिपच्या पोटात पोहोचते. तिथे कोणाचा हात जात नाही. मेमरीतून ओळ आणताना ही चढण चढावी लागते. वाटेतला गणक चिपवरच्या कॅशमध्ये सापडला, तरच ती लवकर संपते.

याची किंमत उघड होती. राखून ठेवलेल्या 128 एमबीपैकी चौथा हिस्सा या हिशेबातच जाई. प्रोग्रॅमच्या वाट्याला सुमारे 93 एमबी उरत. त्यापलीकडे गेले की पाने आत-बाहेर करण्यात हजारो सायकल खर्ची पडत. एन्क्लेव्हमध्ये ये-जा करणेही महाग होते: साधा सिस्टीम कॉल दीडएकशे सायकलचा, तर एन्क्लेव्हची एक हाक आठ हजारांच्या वर. 2016 मधील स्कोन आणि 2017 मधील हॉटकॉल्स या संशोधनांनी यावर मार्ग काढला: बाहेर पडायचेच नाही, मागणी सामायिक मेमरीत ठेवायची आणि ती दुसऱ्या कोअरने पुरी करायची. एक कोअर अडकतो, पण वेळ वाचतो.

त्यात हल्ल्यांवरच्या उपायांची भर पडली. 2018 मधल्या फोरशॅडो हल्ल्यानंतर एन्क्लेव्ह सोडताना पहिल्या पातळीची कॅश रिकामी करावी लागू लागली. 2020 मधल्या एलव्हीआय हल्ल्यावरचा पूर्ण सॉफ्टवेअर उपाय तर प्रोग्रॅमला दोन ते एकोणीस पट संथ करणारा निघाला.

मग 2021 मध्ये इंटेलचे आइस लेक झिऑन प्रोसेसर आले. संरक्षित मेमरी प्रत्येक सॉकेटमागे 512 जीबीपर्यंत गेली, आणि त्यासाठी वृक्ष काढून टाकण्यात आला. गणक गेले, आणि त्याच पत्त्यावर तोच मजकूर ठेवला की तेच कूटरूप उमटू लागले. एएमडीच्या एसईव्ही या स्पर्धक तंत्रात असा वृक्ष मुळातच नव्हता. इंटेलच्या टीडीएक्स या नंतरच्या तंत्रात खुणेची सोय आली, पण जुनी प्रत ओळखण्याची नाही. डेटा सेंटरला कुलपे आणि कॅमेरे असतात, मेमरीच्या तारांना कोण हात लावणार, असे या निर्णयाचे समर्थक सांगत आले. पण डेटा सेंटरच्या मालकावरही विश्वास ठेवावा लागू नये, म्हणूनच तर हे तंत्र जन्माला आले! कुलपावर विसंबायचे असेल, तर कूटबद्धतेचा खटाटोप कशाला?

वृक्ष मोठ्या मेमरीला परवडत नाही, हा दावाही घाईचा होता. 2018 मध्येच जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी, गुरुराज सैलेश्वर आणि मोईनुद्दीन कुरेशी यांच्यासह, एका ओळीत 128 गणक बसवणारी रचना मांडली होती. फांद्या वाढल्या की उंची घटते आणि चढण कमी होते. हे काम शोधनिबंधांत राहिले, सिलिकॉनमध्ये उतरले नाही. जाहिरातीत जीबीचा आकडा दिसतो, ताजेपणाची हमी दिसत नाही. गेल्या काही वर्षांत या क्षेत्राची अभिरुची घसरली, ती इथे.

मेमरीच्या तारांना कोण हात लावणार, याचे उत्तर 2025 मध्ये मिळाले. बॅटरिंग रॅम या हल्ल्यात प्रोसेसर आणि डीडीआर4 मेमरीच्या मध्ये बसणारी, पन्नास डॉलरांच्या आत तयार होणारी पट्टी वापरून जुनी कूटरूपे पुन्हा खपवण्यात आली. वायरटॅपमध्ये तारांवरची एकसारखी कूटरूपे ताडून एन्क्लेव्ह खरे असल्याची ग्वाही देणारी एसजीएक्सची प्रमाणन-किल्लीच काढली गेली; टीईई.फेलने डीडीआर5वर तेच दाखवले. असे प्रत्यक्ष हल्ले आपल्या संरक्षणाच्या कक्षेबाहेर आहेत, ही निर्मात्यांची भूमिका.

सगळी मेमरी एकाच मापाने मोजण्याची गरज नाही. किल्ल्या, गणक, प्रमाणनाची यंत्रणा यांना काही एमबी पुरतात. तेवढ्या भागाला वृक्ष द्यावा आणि शेकडो जीबींचा बाकी पसारा वेगाने चालू द्यावा. पुढच्या पिढीचे सर्व्हर विकत घेणाऱ्या बँकांनी आणि सरकारी खात्यांनी निविदेतच ही अट घालावी.