अफझलगंजची चिंच आणि आमची भिंत

हैदराबादला अफझलगंजमध्ये स्टेट सेंट्रल लायब्ररीत माझे दोन दिवसांचे काम होते. दुपारी तिथून जवळच्या उस्मानिया इस्पितळाच्या आवारातली ती प्रसिद्ध चिंच पाहून आलो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, तेव्हा या झाडावर चढलेले सुमारे दीडशे जण वाचले. पुढे निजाम सरकारने सल्ल्यासाठी बोलावले ते पुण्यात शिकलेल्या आपल्या विश्वेश्वरय्यांना. पुरानंतर बांधलेल्या इस्पितळाच्या चुन्यातल्या भव्य इमारतीत जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी शिरले आणि त्याच महिन्यात ती बंद करावी लागली.

पाण्यावरून आमच्या घरीही वाद चालू होता. आमचे घर काळ्या जमिनीवर, आईच्या माहेरच्या भाषेत ‘एरे मण्णू’वर. उन्हाळ्यात मागच्या भिंतीला भेग पडते, पावसाळ्यात ती मिटते. अप्पांनी दोनदा सिमेंट भरले. भेग शेजारी सरकली. अप्पांच्या मते सिमेंटच भेसळीचे!

खरी गोम मातीत आहे. काळ्या मातीतले माँटमोरिलोनाइट हे खनिज म्हणजे पापडांची चळत समजा. एकेक पापड जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा. दोन पापडांमध्ये सोडियम किंवा कॅल्शियमचे कण असतात, ते पाणी ओढून घेतात आणि पापड एकमेकांपासून दूर सरतात. हे सूक्ष्मदर्शकातून घडताना दिसत नाही, म्हणून शास्त्रज्ञ ते संगणकात घडवतात. प्रत्येक अणूची जागा, त्याचा विद्युतभार, कोण कोणाला किती ओढतो ही माहिती भरायची आणि पुढच्या क्षणी कोण कुठे जाईल याचे गणित करायचे. हा क्षण म्हणजे सेकंदाच्या दहा लाख अब्ज भागांपैकी एखादा भाग. मातीसाठी असे नियम सिगन, लियांग आणि कालिनिचेव्ह यांनी २००४ साली ‘क्लेफ’ या नावाने मांडले. त्यांच्या आधारे केलेल्या गणितांत पाणी पापडांमध्ये थराथराने शिरताना दिसते. आधी एक थर, मग दुसरा. सोडियम असेल तर माती फुगतच जाते, कॅल्शियम पापडांना धरून ठेवतो. काळ्या मातीत चुना (आपला ‘सुण्णा’) कालवण्यामागे हेही एक कारण आहे.

सिमेंट मात्र वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. त्यातून तयार होणाऱ्या चिकट पदार्थाचे अणुपातळीवरचे प्रारूप २००९ साली पेलेंक आणि सहकाऱ्यांनी मांडले. त्याच्याही थरांत पाणी असते, पण ते जखडलेले. म्हणूनच तो कठीण. खालची जमीन हलली की तो ताणला जात नाही, तडकतो. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडायची वाटही अडते.

अर्थात संगणकातला हा तुकडा काही नॅनोमीटरचा. आमची अख्खी भिंत त्यात मावत नाही. पण कुठे बघायचे, ते त्याने दाखवले.

पत्र्याचे पाणी नेमके त्या भिंतीच्या पायाशी पडत होते. गवंड्याने आधी पन्हळ लावून ते लांब सोडायला सांगितले. अप्पा म्हणाले, ‘‘लाव बाबा. पण उरलेलं अर्धं पोतं ठेवून दे, लागेल.’’