मोटार-अपघाताचा तपास आणि वाहनातील नोंदयंत्र

रहाटणी हे पवनेच्या काठचे जुने गाव. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या दाट वस्तीचा भाग झाले असून चाकणच्या मोटार-कारखान्यांत अथवा हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांत काम करणारी असंख्य कुटुंबे तेथे राहतात. येथील रस्त्यावर दोन मोटारींची टक्कर झाली, तर तपासाचा आरंभ अद्यापि पूर्वापार पद्धतीनेच होतो. पोलीस येतात, पंच बोलावले जातात, वाहनांची स्थिती, काचांचा सडा, रस्त्यावरील टायरच्या खुणा ह्यांचे वर्णन पंचनाम्यात उतरते. मागाहून मोटार-वाहन निरीक्षक ब्रेक, स्टिअरिंग व टायर तपासून आपला अहवाल देतो. वेगाचे अनुमान ह्या पद्धतीत मुख्यतः घसरणीच्या खुणांवरून काढण्यात येत असे. चाक अडकून टायर घासला गेला म्हणजे डांबरावर काळा पट्टा उमटतो; त्या पट्ट्याची लांबी व रस्त्याचा घर्षणांक ठाऊक असता वेग गणिताने निघतो.

परंतु चाक अडकू न देणारी ब्रेक-व्यवस्था, म्हणजे जिला सर्वत्र एबीएस म्हणतात ती, २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली आणि हा काळा पट्टा पुसट होऊ लागला. पुष्कळदा तो उमटतच नाही. जे साधन अपघात टाळण्याच्या कामी आले, त्यानेच तपासाचा एक जुना आधार काढून घेतला, असे म्हणण्यास हरकत नाही. योगायोग असा की, त्याच वर्षी, १ जुलै २०१९ पासून, चालकासाठी एअरबॅगही सक्तीची झाली. एअरबॅग केव्हा उघडावयाची हे ठरविणारी एक लहानशी नियंत्रक पेटी त्यायोगे प्रत्येक नव्या मोटारीत आली. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली नोंद जेथे ती केली जाते तेथे ह्याच पेटीत होते.

विमानातील नोंदयंत्राशी ह्या यंत्राची तुलना नेहमी केली जाते. ती काहीशी दिशाभूल करणारी आहे. विमानातील यंत्र संपूर्ण उड्डाणाची हकीकत राखते. मोटारीतील यंत्र प्रवासाची हकीकत राखीतच नाही. वाहनाचा वेग, प्रवेगकाचे पेडल किती दाबलेले आहे, ब्रेक लावलेला आहे की नाही, इत्यादी मूल्ये ते अल्पकालीन स्मृतीत घेते आणि पुढच्या क्षणी जुनी पुसून नवी लिहिते. हे चक्र अखंड चालू असते. पेटीतील त्वरणमापकाला ठराविक मर्यादेपलीकडचा धक्का जाणवला, म्हणजे मात्र त्या क्षणापूर्वीचे काही सेकंद व आघाताचा पाव सेकंदाच्या आसपासचा काळ कायम स्मृतीत उतरविला जातो. टकरीत बॅटरी तुटली तरी हे लेखन पुरे व्हावे म्हणून पेटीत विजेचा थोडा साठा करणारा धारित्र बसविलेला असतो.

ह्या नोंदीला निश्चित स्वरूप दिले ते अमेरिकेच्या संघीय नियमाने. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या नियमाने नोंदयंत्र सक्तीचे केले नाही. ते बसविलेच तर त्यात काय असावे एवढेच सांगितले. त्यानुसार आघातापूर्वीची पाच सेकंदे, प्रत्येक सेकंदास दोन नोंदी, ह्या प्रमाणात राखावयाची होती. १५० सहस्रांश सेकंदांत वाहनाच्या वेगात ताशी ८ किलोमीटरचा बदल झाला की घटना घडली असे समजावयाचे होते. पाच सेकंदांचा अवधी अपुरा पडतो असे अनुभवास आल्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये तो वीस सेकंदांपर्यंत आणि नोंदींची संख्या सेकंदास दहापर्यंत वाढविण्याचा निर्णय तेथे झाला. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून नव्या नमुन्यांच्या व जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींत हे यंत्र सक्तीचे केले आहे. भारतात खाजगी मोटारीसाठी अशी सक्ती झालेली नाही. सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी स्थाननिदर्शक यंत्राची जी सक्ती एआयएस-१४० ह्या मानकान्वये झाली, ती निराळी. ते यंत्र वाहन कोठे आहे हे सांगते, टकरीच्या क्षणाचा तपशील राखणे हे त्याचे काम नव्हे.

ह्या पुराव्याचे बळ व त्याची मर्यादा ही दोन्ही महाराष्ट्रातील एका सुप्रसिद्ध अपघातात एकत्र पाहावयास मिळतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मर्सिडीज-बेंझची जीएलसी २२०-डी ही मोटार आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी ह्यांचा त्यात मृत्यू झाला. दोघेही मागील आसनावर होते. त्यांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी होऊन वाचले.

वेगाविषयीचे पहिले अनुमान कॅमेऱ्यावरून निघाले. मोटार चारोटी तपासनाक्यावरून २ वाजून २१ मिनिटांनी गेली व तेथून सुमारे २० किलोमीटरवर २ वाजून ३० मिनिटांनी अपघात झाला, असे प्रसिद्ध झाले. नऊ मिनिटांत वीस किलोमीटर म्हणजे सरासरी वेग ताशी १३३ किलोमीटर. हा आकडा देशभर पसरला. परंतु त्याची पायाभरणी तपासून पाहिली पाहिजे. दोन्ही वेळा केवळ मिनिटापर्यंत दिलेल्या असल्या, तर प्रत्यक्ष अवधी आठ ते दहा मिनिटांच्या दरम्यान कोठेही असू शकतो व सरासरी १५० पासून १२० पर्यंत बदलते. कॅमेऱ्याचे घड्याळ आणि अपघाताची वेळ सांगणाऱ्याचे घड्याळ ह्यांत तीन मिनिटांचे अंतर असेल, तर तीच सरासरी १०० वर येते. पहिल्या दिवशीच्या वृत्तांत अपघाताची वेळ सव्वातीनची दिलेली होती, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही.

त्यानंतर काही दिवसांनी उत्पादक कंपनीचा अंतरिम अहवाल पोलिसांकडे आला. आघातापूर्वी पाच सेकंद ब्रेक लावले गेले, मोटारीचा वेग ताशी १०० किलोमीटर होता व आघाताच्या वेळी तो ८९ होता, असा त्यातील मजकूर पोलिसांनी सांगितला. कित्येकांनी ह्यावरून १३३ चा आकडा खोटा ठरल्याचे मानले. वस्तुतः दोन्ही विधाने परस्परविरोधी नाहीत. एक वीस किलोमीटरची सरासरी आहे, दुसरे अखेरच्या सुमारे १३० मीटरांचे वर्णन आहे. ह्या १३० मीटरांपूर्वी चालकाने कोणता वेग धरला होता ह्याविषयी पाच सेकंदांची नोंद मुकी असते.

आता १०० आणि ८९ हे दोन आकडेच घ्यावेत. सेकंदात सांगावयाचे तर वेग २७.८ मीटरांवरून २४.७ मीटरांवर आला, घट ३.१ मीटर. ती पाच सेकंदांवर सारखी वाटली, तर मंदन दर सेकंदास ०.६ मीटर प्रति सेकंद एवढेच येते. प्रवेगकावरील पाय नुसता उचलला तरी चढावर एवढी घट होऊ शकेल. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगली मोटार जोराने ब्रेक दाबल्यास ७ पर्यंत मंदन सहज देते. त्या प्रमाणात ताशी १०० वरून ८९ वर येण्यास अर्धा सेकंदही लागत नाही, आणि मोटार पूर्ण थांबण्यास सुमारे ५५ मीटर पुरतात. म्हणजे पूर्ण ब्रेक पाच सेकंद आधी लागला असता, तर मोटार कठड्यापर्यंत पोहोचलीच नसती.

ह्यावरून निदान तीन अर्थ संभवतात. चालकाने धोका न ओळखता सर्व वेळ हलकासा ब्रेक धरलेला असेल. मध्येच ब्रेक सोडून पुन्हा दाबला असेल. किंवा ‘पाच सेकंद’ ही केवळ नोंदीच्या आरंभाची खूण असून प्रत्यक्ष ब्रेक शेवटच्या अर्ध्या सेकंदात लागला असेल. पाच सेकंद हा आकडा नोंदयंत्राच्या रूढ अवधीचाच आकडा आहे, हे तिसऱ्या अर्थाच्या बाजूने लक्षात घेण्याजोगे आहे. कायद्याच्या दृष्टीने हे तीन अर्थ एक नव्हेत. रमतगमत वेग कमी करणारा चालक आणि समोर कठडा पाहून दचकलेला चालक ह्यांच्या निष्काळजीपणाची मोजणी वेगवेगळी होईल. ह्या प्रकरणी नोव्हेंबर २०२२ मध्ये चालकावर गुन्हा दाखल झाला, तेव्हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा उरलेला नव्हता. त्याचे उत्तर दोन आकड्यांच्या सारांशात सापडणार नाही. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या सर्व ओळी, ब्रेकचा रकाना व प्रवेगकाचा रकाना शेजारी शेजारी ठेवूनच ते मिळू शकेल. त्यातही ब्रेकचा रकाना बहुधा ‘होय’ वा ‘नाही’ एवढेच सांगतो, पेडल किती दाबले ते सांगत नाही.

वेगाचा रकानाही निरपवाद नसतो. तो चाकांच्या फिरण्यावरून मोजला जातो. चाक घसरत असेल वा हवेत असेल, तर त्याचे फिरणे व मोटारीचे धावणे ह्यांचा मेळ राहत नाही. मागील आसनावरील सीटबेल्टविषयी, जो ह्या अपघातात जीवनमरणाचा प्रश्न ठरला, अमेरिकी नियमाच्या मूळ सक्तीच्या यादीत एक शब्दही नव्हता. तेथे चालकाच्याच पट्ट्याची नोंद आवश्यक होती. आणि यंत्र रस्त्याविषयी काहीच जाणत नाही. सूर्या पुलाजवळ तीन मार्गिकांचा रस्ता दोन मार्गिकांचा होतो. कठड्याची रचना आणि तेथील सूचनाफलक ह्यांवर पुढे बरीच चर्चा झाली. ही सर्व माहिती फीत व मोजपट्टी घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्यानेच गोळा करावयाची असते. रस्त्याचा दोष बाजूस ठेवून सर्व भार चालकावर टाकण्याची सोय नोंदयंत्र करून देते, हा त्याचा एक अलक्षित धोका होय.

पुरावा वाचतो कोण, हा प्रश्न ह्याहूनही बिकट आहे. उपर्युक्त अपघातातील मोटार ठाण्यास कंपनीच्या दालनात नेण्यात आली, तपासणीसाठी कंपनीचे तज्ज्ञ हाँगकाँगहून आले, आणि सांकेतिक स्वरूपातील माहिती उलगडण्यासाठी जर्मनीकडे पाहावे लागले. कंपनीचा भारतातील कारखाना चाकणला असूनही हा प्रवास चुकला नाही. अमेरिकेत २००० पासून असे वाचनयंत्र बाजारात मिळते व स्वतंत्र तज्ज्ञ ते वापरतात. जेथे ती सोय नाही, तेथे उत्पादक हाच एकमेव दुभाषी ठरतो. कंपनीच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि ब्रेक वा एअरबॅग सदोष होती की काय, असा वाद निघाला तर उत्पादक स्वतःच पक्षकार असतो, आणि पक्षकाराने केलेले भाषांतर प्रतिपक्षाने तपासल्याखेरीज स्वीकारू नये हा न्यायाचा साधा संकेत आहे.

संगणकीय नोंदीच्या ग्राह्यतेचा कायदा ह्या बाबतीत कठोर आहे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की, मूळ उपकरण न्यायालयात सिद्ध करता येत नसेल, तर जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने प्रमाणपत्राची अट कायम ठेवून त्यावर उपकरणाचा ताबा असलेल्या व्यक्तीबरोबर तज्ज्ञाचीही सही मागितली आहे. नियंत्रक पेटी न्यायासनापुढे ठेवली तरी ती उघड्या डोळ्यांनी वाचता येत नाही. तिच्यातून काढलेला तक्ताच पुढे येणार, म्हणून प्रमाणपत्र टळत नाही. परंतु पेटीचा ‘ताबा’ कोणाचा? मोटारमालकाला तिच्यात काय आहे ते ठाऊक नसते, पोलिसांना ती उघडता येत नाही, आणि कंपनीने मोटार केव्हाच विकलेली असते. ह्या प्रश्नाचा निर्णय अपघाताच्या खटल्यांतूनच व्हावयाचा आहे.

तोवर बराचसा पुरावा नाहीसा होण्याचा संभव आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमाने न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट आवश्यक केली ती सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याच्या गुन्ह्यास कमाल शिक्षा सामान्यतः पाच वर्षांची असल्यामुळे रस्त्यावरील बहुतेक मृत्यू त्या सक्तीच्या कक्षेबाहेर राहतात. एअरबॅग उघडली असेल तर नोंद बहुधा कायमची कोरली जाते. न उघडता झालेल्या आघाताची नोंद मात्र पुढच्या धक्क्याने पुसली जाऊ शकते, आणि काही उत्पादकांच्या यंत्रांत मोटार सुमारे अडीचशे वेळा चालू केल्यावर ती आपोआप जाते. म्हणून अपघातग्रस्त मोटार ‘चालते का’ हे पाहण्यासाठी चावी फिरविणे, तिला गॅरेजमध्ये जोडजाड करून पोलीस ठाण्यापर्यंत चालवीत नेणे, ह्या आपल्याकडे सर्रास घडणाऱ्या गोष्टी निरुपद्रवी नाहीत.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात हा विषय विशेष निकडीचा आहे. मोटार बनविणारे, तपासणारे व मोडणारे असे तिन्ही व्यवसाय येथे काही मैलांच्या आत नांदत आले आहेत. चाकणला कारखाने आहेत, भोसरीला केंद्रीय रस्ता परिवहन संस्था आहे, पुण्यात मोटार-संशोधन संघटना १९६६ पासून काम करीत आहे. आणि चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराची जी विस्तीर्ण बाजारपेठ होती ती महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडेपर्यंत गजबजलेली होती. विमा कंपनीने मोटार दुरुस्तीपलीकडची ठरविली की तिचा सांगाडा विकला जातो. भरपाईचा दावा न्यायाधिकरणापुढे रीतसर उभा राहीपर्यंत महिने लोटतात, आणि वेगाचा वाद उपस्थित होतो तेव्हा गिअरच्या दांड्याजवळ जमिनीला बोल्टांनी आवळलेली ती पेटी इतर लोखंडाबरोबर वजनावर गेलेली असू शकते. मोटारीचा ताबा सोडण्यापूर्वी पंचांसमक्ष पेटीची जागा व तिच्यावरील क्रमांक लिहून घेणे, तिला वीज न देता काढून मोहोरबंद करणे, एवढे काम रहाटणीतील कोणत्याही अपघातात त्याच दिवशी होऊ शकते. पेटी तळहाताएवढी असते. मुद्देमालाच्या खोलीत तिची अडचण होण्याचे कारण नाही.