तबकडीवरचं नाव वाचणार कोण?

शब-ए-बरात झाली की मुसलमान घरांत रमजानची आवराआवर सुरू होते. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, ट्रंकांची कुलपं निघतात, मोठी भांडी घासायला बाहेर पडतात. हिंदू घरांत हेच काम नवरात्राच्या तोंडावर चालतं. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, परंडा या गावांतल्या जुन्या वाड्यांत अशा आवराआवरीत कधी कधी एक जड गठ्ठा हाताला लागतो. कागदी पाकिटं पार पिवळी पडलेली, आत काळ्या, चकचकीत, काठाला टवका उडालेल्या तबकड्या. आजोबांचा चावीचा फोनो कधीच मोडीत गेलेला असतो. तबकड्या मात्र राहिल्या, कारण त्यांचं काय करायचं हे भंगारवाल्यालाही ठाऊक नव्हतं.

घरातल्या कुणाला तरी वाटतं, आधी पुसून तर घेऊ. नेमकी इथेच चूक होते. हौशी संग्राहकांच्या जगात नव्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो हाच, की स्पिरिट लावू नका. 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. पळसाच्या नि कुसुमाच्या झाडावरचे किडे जी लाख तयार करतात तिच्यात दगडाची पूड, काजळी वगैरे मिसळून त्या दाबून काढत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराला विचारा, तो याच लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये करतो. पुढच्या काळातल्या प्लॅस्टिकच्या एलपीला जे चालतं ते इथे घात करतं. साधं पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ कापड, मधल्या लेबलाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही आणि मग सावलीत उभं करून वाळवायचं. एवढंच. पण हे ‘एवढंच’ कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्यानं बहुतेक वेळा स्वतःची एक तबकडी घालवून ते शिकलेलं असतं.

अशा सांगणाऱ्यांची महाराष्ट्रात एक संस्था आहे. 1990 साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. तिचं काम अनेक वर्षं पाहणारे सुरेश चांदवणकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. गाणं हा त्यांचा पेशा नव्हता. संस्थेतले बाकीचे सभासदही बहुतेक असेच, नोकरी-धंदा सांभाळून शौक करणारे. ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचा त्यांचा अंक निघे. त्यात कुणी एखाद्या विसरलेल्या गायिकेच्या तबकड्यांची यादी द्यायचा, कुणी यंत्राविषयी लिहायचा. मुंबई-पुण्याबाहेर ज्या ठिकाणी ही मंडळी जमत, त्या गावांत सोलापूर होतं आणि आपल्या जिल्ह्यातलं तुळजापूरही होतं. आराध्यांच्या गाण्यांच्या आणि संबळाच्या या गावात कुणीतरी जुन्या तबकड्यांचे नंबर उतरवून घेत बसलेलं असे, हे जिल्ह्यातल्याच फार थोड्यांना माहीत असेल.

या लोकांच्या गप्पा ऐकण्यासारख्या असतात. रागदारीवर भाषणं तिथे कमी होतात, पिनेवर जास्त. पोलादी पिन एका बाजूला एकदाच वापरायची, हा जुना नियम. पिनेच्या डबीवरही तशी सूचना असायची. पण डबी संपत आली की माणूस कंजुषी करतो, तीच पिन दहादा चालवतो, आणि झिजलेली पिन तबकडीची खाच खरवडून काढते. पिन वाचवायची की गाणं, असा तो सवाल असतो. दुसरा वाद वाकलेल्या तबकडीचा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या तबकड्या पापडासारख्या वाकतात. कुणी म्हणतो, दोन काचांमध्ये ठेवून कोवळं ऊन दाखवा, सरळ होते. दुसरा म्हणतो, धाराशिवच्या उन्हाला कोवळं कधी म्हणायचं ते आधी सांगा. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि तबकडी ज्याची असते तो घाबरून तिला तशीच पुन्हा पाकिटात घालतो.

खरी गंमत सुरू होते लेबलापाशी. जुन्या काही लेबलांवर इंग्रजीसोबत देवनागरीत किंवा उर्दूत मजकूर असे. कंपनीचं नाव, गाणाऱ्याचं नाव, रागाचं किंवा गीतप्रकाराचं नाव, आणि नंबर. नावापुढे गावही यायचं. जानकीबाई ऑफ अलाहाबाद, तशा आपल्या शेजारच्या मेहबूबजान ऑफ सोलापूर. आता हे वाचणार कोण? आजच्या वाचकाला वाटेल, उर्दू आहे म्हणजे मोहल्ल्यात जाऊन कुणालाही दाखवा. तसं होत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुसलमान पोराला कुराणाची अरबी अक्षरं ओळखता येतात, पण लेबलावरची घसटलेली नस्तालीक लिपी लागत नाही. आणि तीच ओळ कुणा नव्वदीच्या देशमुखांनी किंवा कुलकर्ण्यांनी चष्मा कपाळावर चढवून सहज वाचावी, असं या जिल्ह्यात अनेकदा घडलं आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. कचेरी उर्दूत चालायची, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत व्हायचं. त्या पिढीच्या वकिलाला, पटवाऱ्याला उर्दू यायचीच, मग त्याचा धर्म कुठलाही असो. ती पिढी आता जवळजवळ संपली.

उलटही होतं. उर्दू उत्तम जाणणाऱ्या एखाद्या कव्वालीच्या शौकिनाला बालगंधर्वांच्या तबकडीवरचं पद कुठल्या नाटकातलं हे कळत नाही. ते सांगायला नाट्यसंगीतावर वाढलेला माणूस लागतो. म्हणून एकाच्या गठ्ठ्याला दुसऱ्याचा डोळा लागतो आणि तिसऱ्याचा कान. भलाईचं काही व्रत घेऊन हे लोक एकत्र येत नाहीत. एकट्यानं तबकडी लागतच नाही, म्हणून येतात.

नावांनी तर भलेभले फसतात. बंगालमध्ये के. मल्लिक या नावानं श्यामासंगीत गाणारे गायक मुळात मुहम्मद कासिम होते. तलत महमूद यांनी बंगाली गाणी तपनकुमार या नावानं गायली. कव्वालीत ज्यांची जोडी गाजली ते शंकर-शंभू हिंदू होते आणि अजमेरच्या दर्ग्यात मनोभावे गायचे. आपल्या शेजारी बार्शीचं उदाहरण तर सगळ्यांच्या ओळखीचं. मराठी मुलूख ज्यांच्या पहाडी आवाजानं हलवला ते शाहीर अमर शेख जन्मानं मेहबूब हुसेन पटेल. कंपन्यांनी नावं बदलली त्यामागे बाजाराचा हिशेब होता, हे लपवण्याचं कारण नाही. भजन घेणारा गिऱ्हाईक गाणाऱ्याचं नाव पाहून मागे फिरेल अशी भीती दुकानदाराला असे. म्हणजे त्या काळी सगळं गोडीगुलाबीचं होतं, असंही नाही. पण तबकडी फिरू लागली की नावाचा प्रश्न कुणी विचारत नसे, आणि संग्राहक आज तोच प्रश्न विचारतात तो केवळ यादी बिनचूक व्हावी म्हणून.

अगदी सुरुवातीच्या तबकड्यांनी वाचण्याची अडचणही ठेवली नव्हती. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण झालं. त्या काळी तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हानोव्हरहून. तिथल्या कामगाराला कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून गाणं संपताच गायिका स्वतःचं नाव पुकारून सांगत. गौहरजान आपलं नाव इंग्रजीत सांगायच्या. पुढे 1908 मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि हळूहळू ही रीत गेली. पण ज्याच्याकडे लेबल फाटलेली, शेवटी नाव पुकारलेली तबकडी असते, त्याच्याइतका सुखी माणूस या मंडळींत दुसरा नसतो.

मग येतो वेग. 78 हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण जुन्या सगळ्याच तबकड्या मिनिटाला बरोबर 78 फेऱ्यांवर भरलेल्या नसत. समजा 74 वर भरलेली तबकडी 78 वर वाजवली, तर गाणं जवळजवळ एक पट्टी वर चढतं आणि मूळ गायकीपेक्षा घाईचं वाटतं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा मुळातच बारीक, टिपेला लीलया जाणारा आवाज असला तर ही फसवणूक कानाला पटकन कळत नाही. यावर हौशी लोकांनी काढलेली तोड अशी, की गाणाऱ्याकडे लक्ष न देता साथीच्या पेटीचा सूर ऐकायचा आणि आपल्या पेटीवर तो शोधायचा. सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळत असेल तर वेग चुकला. यावर लगेच कुणीतरी म्हणतं, की जुन्या पेट्या एकाच मापाच्या नव्हत्या, मग तुमची पेटी प्रमाण कशी? रात्री बारा वाजेपर्यंत पुरेल एवढा हा विषय आहे.

खाँसाहेबांचं नाव या गप्पांत घटकेघटकेला निघतं, त्याला कारण आहे. किराण्याहून आलेला हा गवई मिरजेत स्थिरावला, तिथल्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायला, मराठी नाट्यपदं त्यानं अशी गायली की ती त्याचीच वाटावीत. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वती राणे ही त्यांची मुलं, आणि सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. 1937 साली दक्षिणेच्या प्रवासात ते गेले. त्यांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून गदगमधला अकरा वर्षांचा एक मुलगा 1933 साली घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. तो पुढे भीमसेन जोशी झाला. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्यात काय गावं आणि काय सोडावं, हे ज्या उस्तादांना कळलं त्यांची गाणी टिकली. घरातल्या गठ्ठ्यात ती तबकडी असेल की नाही सांगता येत नाही. पण नसेलच असं धरून गठ्ठा टाकणाऱ्याला ही गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी.

रमजानमध्ये या मैफली थंडावतात. बहुतेक मुसलमान घरांत या महिन्यात वाजपाचं काही लावत नाहीत. संगीत जायज की नाजायज हा उलेमांमधला शतकांचा वाद आहे. चिश्ती सूफींनी समाअ मानला, इतर अनेकांनी नाकारला. दोन्ही मतांची माणसं एकाच घरात भेटतात. धाराशिवला ख्वाजा शमशुद्दीन गाजींच्या उरुसात कव्वाली रात्रभर रंगते, दोन्ही समाजांचे लोक ती ऐकतात. त्याच शहरातला एखादा बुजुर्ग कव्वालीच्या मंडपासमोरून मान खाली घालून निघून जातो, आणि त्याला कुणी अडवत नाही. संग्राहकांच्या दोस्तीतही हाच शिरस्ता. मित्राच्या घरी इफ्तारला आलेला हिंदू दोस्त तबकडी आणतो, पण ‘लावा’ म्हणत नाही. खजूर, भजी, फळं खाऊन होतात, तरावीहची वेळ होते, आणि जाता जाता तो पाकिटातून तबकडी अर्धी बाहेर काढून विचारतो, “हे काय लिहिलंय बघा की जरा.” मग मशिदीकडे निघालेली दोन माणसं फाटकातल्या दिव्याखाली थांबतात. नंबर वाचला जातो, नाव लागतं किंवा लागत नाही. ऐकायचं ते ईदनंतर.

पूर्वी सहरीला जागवणारे फकीर डफ वाजवत, नात गात गल्लीतून जायचे. आता मोबाइलचा गजर होतो. त्या आवाजांची तबकडी कुणी भरली नाही, म्हणून तो सूर कसा होता हे सांगायला आज फक्त म्हाताऱ्यांचा गळा उरला आहे, तोही वर्षागणिक बसत चाललेला. तबकडीवर जे भरलं गेलं त्याचं नशीब निदान एवढं, की ते माळ्यावर पडून आहे.

यंदा आवराआवरीत असा गठ्ठा सापडलाच तर घाई करू नये. तबकड्या आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, भिंतीच्या ज्या बाजूला ऊन येतं तिथे नको. दोन्ही बाजूंच्या लेबलांचा फोटो काढावा, आणि लेबलाच्या कडेला गुळगुळीत पट्टीत कोरलेला बारीक नंबर असतो, तोही. लेबल फाटलं तरी हा नंबर राहतो. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावं, फोनो कुणी आणला होता. आणि लेबलावर उर्दू असेल तर गल्लीच्या टोकाला कुणी जुने वकीलसाहेब अजून आहेत का, याची चौकशी करावी. दुपारी ते झोपतात. असरनंतर जावं.