अत्यवस्थ रुग्ण आणि महाबळेश्वरची हवा

आजारी माणसाला महाबळेश्वर-पाचगणीच्या हवेवर नेले की तो हमखास सुधारतो, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की अतिदक्षता विभागातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, जिन्याच्या चार पायऱ्यांतच धाप लागणाऱ्या माणसालाही त्याचे आप्त मोठ्या मायेने मोटारीत घालतात आणि पसरणीचा घाट चढवून वर आणतात. हेतू निर्मळ असतो यात शंका नाही. परंतु निर्मळ हेतूने फुफ्फुसाला प्राणवायू मिळत नाही.

या समजुतीमागे इतिहास आहे, हे कबूल केले पाहिजे. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरचे ठाणे वसवले ते आजारी गोऱ्या अंमलदारांच्या हवापालटासाठीच. पुढे १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीस ‘बेल-एअर’ हे क्षयरुग्णांचे आरोग्यधाम काढले, जे १९६४ साली रेडक्रॉसकडे आले. अशा आरोग्यधामांतून माणसे बरी होऊन घरी जात, हेही खरे. परंतु क्षयावर औषध नव्हते त्या काळी जे बरे होत, त्यांच्या वाट्याला हवेबरोबरच सक्तीची विश्रांती, सकस अन्न आणि अहोरात्र शुश्रूषा आलेली असे. श्रेय तेवढे एकट्या हवेच्या खाती जमा झाले. औषधे आल्यावर मद्रासच्या क्षयरोग केंद्राने काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांतच ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्हीकडचे निकाल जवळजवळ सारखे निघाले. एवढा दाखला मिळूनही हवापालटाची वहिवाट मोडली नाही, याचे वाईट वाटते.

आणि या हवेत काय असते? महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तेथे हवेतील प्राणवायूचे प्रमाण मुंबईइतकेच, म्हणजे २१ टक्के असले, तरी हवेचा दाबच सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक पदरी पडणारा प्राणवायूही तितकाच घटतो. निरोगी माणसाला ही तूट जाणवत नाही. परंतु सपाटीवरच ज्याच्या बोटावरचे प्राणवायू मोजणारे यंत्र नव्वदीच्या आसपास आकडा दाखवते, त्याच्या रक्तातील प्राणवायूची पातळी या उंचीवर झपाट्याने खाली येते. अशा रुग्णाने आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घाट चढू नये.

मग अत्यवस्थ माणसाला तारते काय? पुष्कळांना वाटते की यंत्रे. आणि परिचारिका त्यांवरचे आकडे पाहत बसलेली असते, असेही वाटते. प्रत्यक्षात तिचे काम पाहावे. श्वासनलिकेत नळी असलेल्या रुग्णाची उशाकडील बाजू तीस ते पंचेचाळीस अंशांत उचललेली ठेवणे, नळीभोवतीच्या फुग्याचा दाब मोजणे, साचलेला कफ ओढून घेणे, तोंड स्वच्छ करणे, मिटत नसलेल्या पापण्यांखाली डोळे कोरडे पडू न देणे, टाचा गादीला टेकू न देणे, ठरल्या वेळी कूस बदलणे आणि या सर्वांची नोंद करणे, ही तिची पाळी असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्स व स्पेनमधील ४६६ रुग्णांच्या एका चाचणीत कृत्रिम श्वासावरील अतिगंभीर रुग्णांना रोज सलग सोळा तास पालथे निजवले, तेव्हा अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. हे कोणत्याही नव्या यंत्राने झाले नाही. एकाने डोक्याशी उभे राहून नळी घट्ट धरावी, उरलेल्यांनी दोन्ही बाजूंनी चादर पकडावी आणि त्याच्या इशाऱ्यासरशी, एकही वाहिनी न ताणता, तो जड देह एकदम वळवावा, एवढ्यानेच झाले. नऊ युरोपीय देशांतील चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांच्या दप्तरांवरून २०१४ साली ‘लॅन्सेट’ साप्ताहिकातील एका अभ्यासाने दाखवले की एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. रुग्णालय निवडताना यंत्रे किती, हे विचारणाऱ्या नातलगांनी रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती रुग्ण, हेही अवश्य विचारावे.

व्हेंटिलेटर लावला म्हणजे सारे संपले, ही आणखी एक समजूत; तीही साफ खोटी आहे. १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून दिलेल्या श्वासावर कितीतरी माणसे वाचली आणि आजच्या अतिदक्षता विभागाचा पाया तेथेच पडला.

प्राणवायू जितका जास्त तितका बरा, हेही चूक. जुनाट दम्या-धुराने फुफ्फुसे निकामी झालेल्यांना रक्तात प्राणवायूची ८८ ते ९२ टक्क्यांची पातळी पुरते आणि अधिकाने अपाय होतो.

सिस्टरची नजर चुकवून चमचाभर शहाळ्याचे पाणी किंवा तीर्थ रुग्णाच्या मुखी घालणारे आप्त तर मला सर्वांत अधिक भिववतात, कारण गिळण्याची शक्ती गेलेल्या माणसाच्या मुखातले पाणी पोटात न जाता फुफ्फुसात उतरते.

आणि बेशुद्धाला काही कळत नाही, असेही धरून चालू नये: २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात मेंदूला इजा झालेल्या, हाका मारूनही न हलणाऱ्या १०४ रुग्णांपैकी १६ जणांच्या मेंदूत, हात हलवण्याची आज्ञा ऐकताच त्या आज्ञेला प्रतिसाद देणाऱ्या खुणा उमटल्या. म्हणून जाणती परिचारिका सुई टोचण्यापूर्वी रुग्णाला नावाने हाक मारते आणि आपण काय करणार आहोत ते सांगते; आप्तांनीही खाटेशी उभे राहून त्याच्या मृत्यूची भाषा बोलू नये.