‘डोया’ म्हणजे चूक नव्हे : एम.ए.च्या अभ्यासाने वर्गात काय शिकवलं



माझं गाव सातारा भागातलं आणि पहिली नेमणूक मिळाली विदर्भात. दुसरीच्या वर्गात चित्रतक्ता दाखवून मी विचारलं, “हे काय आहे?” एक मुलगा उड्या मारतच म्हणाला, “डोया!” मी म्हटलं, “डोया नाही, डोळा म्हण.” तीनदा म्हणायला लावलं. वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी दिवस तो हजेरीशिवाय तोंड उघडेना. मला वाटलं, पोरगं लाजाळू आहे.

खरं कारण कळलं ते काही वर्षांनी, नोकरी सांभाळून एम.ए. मराठी करताना. त्यात ‘समाजभाषाविज्ञान’ हा भाग अभ्यासाला होता.

हा विषय नेमका काय?

व्याकरण विचारतं, वाक्य बरोबर आहे का? समाजभाषाविज्ञान विचारतं, हे कोण बोलतंय, कोणाशी, कुठे आणि कशासाठी? प्रदेश, जात, शिक्षण, वय, स्त्री की पुरुष, या सगळ्यांनी भाषा बदलते. आपल्या बऱ्याच घरांत आईला ‘अगं आई, तू’ आणि वडिलांना ‘अहो बाबा, तुम्ही’ म्हणतात. घरात कोणाचा मान कसा, हे त्या एका शब्दात दिसतं. आणि हेच ऐकत वाढणारं मूल तो मान तसाच पुढे चालवतं. म्हणजे समाज भाषेला घडवतो, तशी भाषाही समाजाला घडवते.

दुकानातला प्रयोग

विल्यम लबॉव्ह या अमेरिकन अभ्यासकाने 1962 मध्ये न्यूयॉर्कमधली तीन मोठी दुकानं निवडली. एक महागडं, एक मध्यम, एक स्वस्त. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे, असं तो विक्रेत्यांना विचारायचा. उत्तर यायचं, ‘फोर्थ फ्लोअर’. मग ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा म्हणायला लावायचा. या शब्दांतला ‘र’ कोण स्पष्ट उच्चारतं, एवढंच तो टिपत होता. महागड्या दुकानात ‘र’ सगळ्यात जास्त ऐकू आला, स्वस्त दुकानात सगळ्यात कमी. आणि दुसऱ्यांदा सांगताना ‘र’ सुधारण्याची धडपड मध्यम दुकानातल्या विक्रेत्यांमध्ये ठळक दिसली.

हे वाचताना मला माझंच हसू आलं. डी.एड.ला असताना माझं ‘पानी’ ऐकून मैत्रिणी हसायच्या, म्हणून मी घोकून घोकून ‘पाणी’ केलं होतं. मधल्या दुकानातली विक्रेती मीच होते! आणि जे मला बोचलं होतं, तेच मी त्या मुलाला केलं होतं.

आपल्या कुपवाडची गोष्ट

सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास गम्पर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारे लोक पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत होते. शेतात, बाजारात एकमेकांशी बोलता बोलता या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. शब्द मात्र आपापलेच राहिले, कारण घरची भाषा ही त्या त्या समाजाची ओळख होती. व्यवहाराने भाषा जवळ आणल्या, ओळखीने वेगळ्या ठेवल्या.

मग प्रमाण मराठीचं काय?

प्रमाण मराठी शिकवायलाच हवी. पुस्तकं, परीक्षा, अर्ज, नोकरी सगळं तिच्यात आहे. पण ती मुळातच जास्त शुद्ध होती म्हणून प्रमाण झाली, असं नाही. एकोणिसाव्या शतकात छापखाना, सरकारी शाळा आणि क्रमिक पुस्तकं आली, तेव्हा पुण्याकडच्या शिक्षित वर्गाची भाषा त्यांत गेली. वऱ्हाडीतही नियम आहेत. डोळा-डोया, काळा-काया. ‘ळ’च्या जागी ‘य’. तो मुलगा चुकत नव्हता, आपल्या आईच्या बोलीचा नियम अचूक पाळत होता. आणि ज्या मुलाला वर्गात बोलायचीच भीती वाटते, ते वाचायला तरी कसं धजेल?

वर्गात काय करता येईल?

1. फळ्यावर दोन रकाने करा : ‘घरचा शब्द’ आणि ‘पुस्तकातला शब्द’. दोन्ही मुलांकडूनच भरून घ्या.
2. मूल बोलत असताना मध्येच उच्चार सुधारू नका. आधी त्याचं म्हणणं ऐका. लिहिताना पुस्तकातला शब्द सांगा.
3. ‘अशुद्ध’, ‘गावंढळ’ हे शब्द टाळा.
4. पालकहो, पाहुण्यांसमोर मुलाच्या बोलण्याची नक्कल करू नका. तुमची बोली घरात बिनधास्त बोला.

आता माझ्या वर्गात हे रकाने रोज भरतात. परवा एका मुलीने विचारलं, “मॅडम, तुमच्या घरचा शब्द कोणता?” मी फळ्यावर लिहिलं, ‘पानी’. वर्ग हसला, पण यावेळी मीही त्यांच्यासोबत हसले.

त्या पहिल्या मुलाची माफी मागायची मात्र राहून गेली. तुमच्या वर्गातलं एखादं मूल गप्प असेल, तर ते घरी कोणती भाषा बोलतं, एवढं एकदा जरूर विचारा.