तान्हा पोळा दिवसाउजेडी

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातवंडांची छायाचित्रे आपल्या मोबाइलवर येऊ लागतात. कोणी वटवाघूळ झालेले असते, कोणी भूत, तर कोणाच्या हाती कोरलेला भोपळा असतो. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ही मुले दारोदार हिंडतात आणि पिशवी भरून गोळ्या-चॉकलेटे घरी आणतात. आपल्याकडील काही इंग्रजी शाळांतूनही हा हॅलोविन आता शिरला आहे. त्याला नाके मुरडणारे आमच्या पिढीत पुष्कळ आहेत. मला मात्र त्यात फारसे परके काही दिसत नाही, कारण विदर्भातील मुले सजूनधजून दारोदार जाण्याचा हा आनंद पिढ्यान्‌पिढ्या उपभोगीत आली आहेत. आपण त्याला तान्हा पोळा म्हणतो.

विदर्भाबाहेरील वाचकांसाठी थोडे सांगावे लागेल. पिठोरी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी बालगोपाळ आपापले लाकडी नंदी घेऊन निघतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असे सांगितले जाते. चाकांवरचा नंदी, त्याच्या गळ्यात माळा, शिंगांना बेगड. कोणी मूल शेतकरी झालेले, कोणी शिवाजीमहाराज, कोणी कृष्ण. चौकात तोरणाखाली नंदी रांगेने उभे राहतात, बक्षिसे वाटली जातात आणि मग घरोघरी, दुकानोदुकानी जाऊन मुले ‘बोजारा’ गोळा करतात. बोजारा म्हणजे खाऊ किंवा चार पैसे. चंद्रपूर, मूल, वडसा, गडचिरोली अशा गावांत आपल्या समाजाच्या पेढ्यांवर आणि दुकानांवर त्या दिवशी अशा बालगोपाळांची रीघ लागते. मी बँकेत असताना या सणाच्या आधी व्यापारी मंडळी दहा रुपयांच्या कोऱ्या नोटांची गड्डी मागायला येत. (नोटा संपल्या की नाणी पुढे करावीत, तर दहाचे नाणे घ्यायला लोक नाखूश. ते नाणे पूर्णपणे चलनात आहे, हे रिझर्व्ह बँकेने वारंवार सांगूनही ही अफवा मरत नाही. असो.)

मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करताना आपण भितो कशाला आणि धोका असतो कोठे, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेतील पालक कित्येक वर्षे एकाच भीतीने पछाडलेले होते: अनोळखी घरातून विषारी गोळी मिळेल, सफरचंदात टाचणी निघेल. १९७४ साली टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा अशा गोळीने खरोखर दगावला. परंतु चौकशीत निष्पन्न झाले ते भयंकर होते. विष घालणारा खुद्द त्याचा बापच होता आणि हेतू होता विम्याची रक्कम. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्या तपासल्या. दारोदार फिरणारे मूल कोणा अनोळखी माणसाच्या खाऊमुळे मेल्याचे एकही खात्रीचे उदाहरण त्यांना सापडले नाही. धोका निघाला तो रस्त्यावर. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातनोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्याच्या मृत्यूची जोखीम आठवडाभर आधीच्या व नंतरच्या संध्याकाळपेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक आढळली. सर्वांत मोठी वाढ ४ ते ८ वर्षांच्या मुलांत होती आणि सर्वांत वाईट वेळ संध्याकाळी सहाच्या सुमाराची, म्हणजे तिन्हीसांजेची.

तिन्हीसांजेचा हा मुद्दा आपल्या दोन जिल्ह्यांना अधिकच लागू पडतो. तान्हा पोळा येतो भर पावसाळ्यात. या दिवसांत आपल्याकडे सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान सूर्य मावळतो आणि आभाळ भरलेले असले तर पाच वाजल्यापासूनच अंधारून येते. मूल दोरीने नंदी ओढीत असते, त्यामुळे त्याची नजर पुढे नसते, वारंवार मागे वळते: नंदी उलटला तर नाही ना, शिंगाचा बेगड निघाला तर नाही ना. दोरी लांब असली की मूल रस्त्याच्या कडेला पोहोचते आणि नंदी अजून मधोमध असतो. तो वाचवायला ते पुन्हा धावते. चंद्रपूर-घुग्घुस-राजुऱ्याकडे कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक, आष्टी-आलापल्ली मार्गावर सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. यांच्या चालकाला उंच केबिनमधून गुडघाभर उंचीचा नंदी आणि त्यामागे वाकलेले मूल दिसेलच, याची हमी कोण देणार? दोरी हातभरच ठेवावी आणि मोठा रस्ता ओलांडताना नंदी मोठ्यांनी उचलून न्यावा. मुखवट्याने डोळ्यांच्या बाजू झाकल्या जातात, म्हणून चेहरा रंगविलेला बरा.

दुसरे भय जंगलाचे. ते इतरांना अतिशयोक्ती वाटेल, आपल्याला वाटत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या ऊर्जानगर-दुर्गापूर परिसरात लागोपाठ दोन दिवसांत एक कामगार आणि एक किशोरवयीन मुलगा वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडले. हा परिसर म्हणजे काही घनदाट अरण्य नव्हे, महाऔष्णिक वीजकेंद्रालगतची वस्ती आहे. उकिरड्यावर कुत्री आणि डुकरे जमतात, त्यांच्या मागे बिबट्या येतो आणि त्याची वेळ तीच, दिवस मावळतानाची. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी या पट्ट्यात वाघाचा वावर गावाच्या शिवारापर्यंत आहे. एकटे, वाकलेले, लहान मूल बिबट्याच्या नजरेस सावजासारखे दिसते, हे वनखात्याची माणसे सांगतात. तेव्हा गावाच्या टोकाची घरे, राईस मिलमागची मोकळी जागा, झुडपी नाल्याकाठची पायवाट हे सारे मुलांच्या फेरीतून वगळावे. पावसाळ्यात सापांचाही सुळसुळाट असतो. गवतात पाय पडून दंश झालाच तर मांत्रिकाकडे किंवा घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. प्रतिविष तेथेच हमखास मिळते.

यात आपल्या घरांची एक खास अडचण आहे. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेच्या सुमारास, एखादा दिवस पुढेमागे, श्वेतांबर मंदिरमार्गी परंपरेत भगवान महावीरांचे जन्मवाचन असते. उपाश्रयात स्वप्ने उतरविली जातात, बोल्या लागतात, घरातील सारी वडीलधारी मंडळी तेथे असतात. स्थानकवासी घरांतही पर्युषणाची धामधूम चालू असते. सूर्यास्ताला सारे प्रतिक्रमणास बसतात. दिगंबर बांधवांचे दशलक्षण पर्व पंचमीपासून, म्हणून त्यांना तेवढी सवड असते. परिणाम असा की ज्या घटकेला रस्त्यावर मुलांवर लक्ष हवे, नेमक्या त्याच घटकेला आपण आसनावर बसलेले असतो आणि मुले नोकराच्या किंवा बारा वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या हवाली असतात. ही व्यवस्था मला मान्य नाही. प्रतिक्रमणाचा आदर राखूनच सांगतो, त्या दिवशी प्रत्येक गल्लीतील दोन प्रौढांनी मुलांची जबाबदारी आधीच ठरवून घ्यावी. दुपारी तीनला निघून साडेपाचला मुले घरात, असा नेम ठेवला तर चौविहारही सांभाळला जातो आणि बोजाऱ्याचा खाऊ तपासायला उजेडही उरतो.

तो खाऊ तपासणे विषाच्या भीतीपेक्षा वेगळ्या कारणाने आवश्यक आहे. हिरवा ठिपका असला की पदार्थ आपल्याला चालतो, असा समज आहे. हिरव्या ठिपक्याचा अर्थ एवढाच की तो शाकाहारी आहे. बटाटा, कांदा, लसूण त्यात असू शकतात. चघळण्याच्या मऊ जेलीत आणि मार्शमेलोत पुष्कळदा जिलेटिन असते, जे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. अशा पाकिटावर तपकिरी खूण असते. पूर्वी ती गोल होती, आता त्रिकोणी आहे. सुट्या, बिनकागदाच्या गोळ्यांवर कोणतीच खूण नसते. त्या बाजूला काढाव्यात. पर्वाच्या दिवसांत मुलाने एखादा नियम घेतला असेल तर तो मोडल्याचे दुःख त्याला मोठ्यांपेक्षा जास्त होते, हेही ध्यानात असावे.

आपल्यापैकी अनेकांची खेळण्यांची दुकाने आहेत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आता नंदीच्या डोळ्यांत लुकलुकणारे दिवे बसवितात, त्यांच्या आत बटणाएवढी बॅटरी असते. लहान मुलाने ती गिळली तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद नसेल, तर तो माल दुकानात न ठेवलेला बरा. नफा कितीसा असतो त्यात?

घराच्या उंबरठ्याबाबत एक नियम मुलांना शिकवावा. बोजारा दारातच घ्यायचा, आत कोणी बोलावले तरी एकट्याने जायचे नाही. ओळखीच्या घरीही नाही, कारण मुलांवरील अत्याचाराच्या बहुसंख्य गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच निघतो. दुकानदारांनीही गल्ल्याजवळ न बोलावता बाहेर येऊन खाऊ द्यावा. आणि निघण्यापूर्वी नंदीच्या पाटाच्या खालच्या बाजूस, वरून दिसणार नाही असा, एक कागद चिकटवावा. त्यावर आई-वडिलांचा मोबाइल क्रमांक आणि चार ठळक आकडे: रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, बालकांची मदतवाहिनी १०९८, वनविभाग १९२६.