खेळ विकत घ्यावा की वर्गणी भरावी?

फुटबॉल मैदानावर खेळतात, हे आपणां सर्वांना ठाऊक. आता तोच खेळ मुले पडद्यावर खेळतात आणि त्यासाठी घरात पैसे मागतात. पालकांनी मुलांवर रागावण्याआधी यातला हिशेब समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने १९९३ साली 'फिफा' हा व्हिडिओ गेम काढला. पुढे दरवर्षी त्याची नवी आवृत्ती येऊ लागली. २०२३ पासून त्याचे नाव 'ईए स्पोर्ट्स एफसी' झाले. २०२२ च्या 'फिफा २३'ची प्लेस्टेशन ५ वरील किंमत अमेरिकेत सुमारे ७० डॉलर होती. निन्टेन्डो स्विच या यंत्रासाठी तर २०१९ ते २०२२ अशी चार वर्षे निघालेल्या आवृत्त्यांत गणवेश आणि खेळाडूंच्या याद्या तेवढ्या नव्या होत्या; खेळ जुनाच!

दुसरा मार्ग वर्गणीचा. २०१४ साली याच कंपनीने वर्गणी सुरू केली, तेव्हा दर महिना सुमारे ५ डॉलर किंवा वर्षाला ३० डॉलर होता. ७० पेक्षा ३० कमी, हे खरे. परंतु 'फिफा २३' पूर्ण स्वरूपात वर्गणीदारांना मिळाला तो मे २०२३ मध्ये, म्हणजे बाजारात आल्यावर सात-आठ महिन्यांनी. शिवाय साप्ताहिकाची वर्गणी संपली तरी जुने अंक घरात राहतात. इथे वर्गणी थांबली की खेळही बंद.

तिसरा मार्ग 'फुकट'चा. जपानच्या कोनामी कंपनीने २०२१ पासून 'ईफुटबॉल' फुकट दिला. कमाई मात्र आतल्या खरेदीतून. 'फिफा'तही खेळाडूंच्या पत्त्यांची बंद पाकिटे विकली जात. आत कोणता खेळाडू निघेल, हे नशिबावर. शिवाय जमवलेला संघ पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत चालत नसे. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली अशा पाकिटांना जुगार ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीला तेथे त्यासाठीचे गुण विकणे थांबवावे लागले.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी मुलांना शेजारी बसवून विचारावे: यंदा नवे काय आहे? पैसे थांबल्यावर आपल्या हाती काय उरेल? गेल्या वर्षीची डिस्क जुन्या बाजारात स्वस्त मिळाली तर खेळाचा आनंद कमी होईल का? आणि मुलांच्या हातातल्या फोनवर पैसे भरण्याची सोय मोकळी ठेवू नये. फुकटचा खेळ महाग पडतो तो तिथेच.